२२ गाड्या, ८८ चाकं, ४४० बोल्ट: एका सामूहिक अलॉय खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात फोक्सवॅगनच्या पोलो, व्हेंटो आणि स्कोडाच्या रॅपिड या गाड्या रग्गड आहेत. बनल्याही चाकणलाच. तरी त्यांना बसतील अशी बाजारातली अलॉय चाकं मिळवताना मालकांची दमछाक होते, आणि त्याला कारण पीसीडी. बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्ट, बलेनो, आय-२०, सिटी या सगळ्यांचा ४×१००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर ४ भोकं. क्रेटाचा ५×११४.३. दुकानदार भिंतीवर जी चाकं टांगतो ती याच दोन मापांची, कारण गिऱ्हाईक त्यांचंच. पोलो-व्हेंटो-रॅपिडला लागतात ५×१००, मधलं भोक ५७.१ मिमी. दहा दुकानं फिरल्यावर एखाद्याकडे दोन डिझाइन निघतात, आणि दर तो सांगेल तो.

२०२२ मध्ये भारतातलं पोलोचं उत्पादन थांबलं, त्यामुळे कंपनीच्या मूळ चाकांचीही चणचण वाटू लागली. २०२३ च्या जानेवारीत अशा ४७ मालकांनी मिळून एकाच डिझाइनची १६ इंची चाकं थेट बनवून घ्यायचं ठरवलं. त्यातल्या एकाने पुढाकार घेतला. त्याला इथे संयोजक म्हणू. चाकं बनवणारा कारखाना उत्तरेतला, मधला माणूस पुण्यातला घाऊक विक्रेता.

४७ हात वर झाले, २,००० रुपयांचं टोकन २९ जणांनी भरलं, आणि शेवटी चाकं घेतली २२ जणांनी. निम्म्याहून जास्त गळती. अशा कुठल्याही खरेदीत ही गळती धरूनच हिशेब मांडावा. इथे तो ४७ वर मांडला गेला.

खरी अडचण काय होती

वरवर पाहता प्रश्न दराचा होता. किरकोळ दुकानात या मापाच्या बऱ्या चाकाला ९,००० रुपये सांगत होते, म्हणजे संच ३६,०००. विक्रेत्याने घाऊक दर दिले ते असे, जीएसटीसह आणि बोल्ट सोडून: १० संचांना चाकामागे ७,६००, २० संचांना ७,१००, २५ संचांना ६,८००.

दराखाली एक दुसरा प्रश्न दडलेला होता. दुकानातून चाक घेताना ते गाडीला नीट बसेल याची जबाबदारी दुकानदाराची असते. तो गाडी वर घेतो, चाक लावतो, घासलं तर दुसरं काढतो. घाऊक ऑर्डरीत कारखाना कागदावर लिहिलेल्या मापाचं चाक देतो आणि मोकळा होतो. कागदावर जे नाही ते तुमचं. या गटात तो कागद कोण लिहिणार, माप बदललं तर तो पुन्हा कोण तपासणार, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. पुढे जे बिनसलं त्याचं मूळ इथे आहे.

पर्याय काय होते

चार वाटा चर्चेत आल्या.

पहिली, कंपनीची काढून ठेवलेली जुनी १६ इंची चाकं नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून किंवा ओळखीतून घ्यायची. मापाची खात्री शंभर टक्के, पण चार सारखी, सरळ आणि न जोडलेली मिळणं दुर्मीळ. तडा गेलेलं चाक वेल्ड करून रंगवलं की वरून कळत नाही. एका गाडीसाठी ही वाट उत्तम; २२ गाड्यांसाठी अशक्य.

दुसरी, आयात केलेली नक्कल. नामांकित परदेशी डिझाइनसारखी दिसणारी, पाठीवर जेडब्ल्यूएल असं ठळक उमटवलेली. जेडब्ल्यूएल हे जपानी मानक खरं, पण ते चिन्ह चाक बनवणारा स्वतःच्या चाचणीवर स्वतः उमटवतो. त्रयस्थ तपासणीची नोंद व्हीआयए या चिन्हाने होते. आणि साच्यात तीन अक्षरं कोरायला काहीच खर्च नाही. ही वाट गटाने लगेच सोडली, ते बरं झालं.

तिसरी वाट बिलाशिवायची. विक्रेत्याच्याच माणसाने हळूच सांगितलं, "बिल नको असेल तर ५,६०० ला बसवू." त्या वेळी चाकांवर २८ टक्के जीएसटी होता (२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर तो १८ टक्के झाला), म्हणजे ही सूट नव्हे, नुसता वजा केलेला कर. निम्मे लोक तयारही होते. एकाने विचारलं, बिल नसताना चाक तडकलं तर वॉरंटी कुणाकडे मागायची, आणि विमा कंपनीला कोणता कागद दाखवायचा? चर्चा तिथेच संपली.

चौथी, देशी कारखान्याची आयएसआय चिन्ह असलेली चाकं, प्रत्येकाच्या नावाने बिल. अलॉय चाकांचं भारतीय मानक आयएस १६१९२. चाकावरच्या चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून पाहता येतो. गटाने तो पाहिला, जुळला, आणि हीच वाट धरली.

निर्णय १: १६ की १७

सगळ्यात गरम वाद इथे झाला. सातआठ जणांना १७ इंच हवे होते. दिसायला भरदार, हे नाकारायचं कारण नाही. पण टायरची बाजूची भिंत मोजली की चित्र बदलतं.

मूळ टायर १८५/६० आर १५, म्हणजे १८५ मिमी रुंद आणि १५ इंची चाकासाठी. भिंत १८५ च्या ६० टक्के, म्हणजे १११ मिमी. पूर्ण व्यास ६०३ मिमी. १७ इंचावर जवळचं माप २०५/४५ आर १७: भिंत ९२ मिमी, व्यास ६१६. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी १९ मिमीने कमी. पावसाळ्यातल्या पुण्यात, पाण्याने भरलेल्या आणि तळ न दिसणाऱ्या खड्ड्यात हे १९ मिमी म्हणजे रिमची कड वाकणं आणि टायरला फुगा येणं यांना आमंत्रण.

१६ इंचावर दोन पर्याय. १९५/५० आर १६ चा व्यास ६०१ मिमी, मूळ टायरला जवळजवळ तंतोतंत. पण भिंत ९७.५ मिमीच आणि हे माप दुकानात क्वचित मिळतं. १९५/५५ आर १६ ची भिंत १०७ मिमी, व्यास ६२१. व्यास सुमारे ३ टक्क्यांनी जास्त, त्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तेवढं कमी दाखवणार. पण हेच माप फोक्सवॅगनने पोलोच्या वरच्या प्रकारांना कारखान्यातूनच दिलेलं आहे, म्हणून मडगार्डमध्ये जागा पुरते की नाही हा प्रश्न उरत नाही. शिवाय बलेनो आणि आय-२० लाही हेच माप येत असल्याने रात्री नऊला सातारा रस्त्यावर टायर फाटला तरी मिळतो. भारांक ८७, म्हणजे टायरमागे ५४५ किलो. मूळ ८४ चे ५०० किलो.

कायद्याचाही मुद्दा होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई आहे. त्याच मॉडेलला उत्पादकाने स्वतः दिलेलं टायरचं माप घेतलं की वादाला जागा बरीच कमी होते.

ठरलं १६ इंच, १९५/५५. १७ वाल्यांपैकी चौघे बाहेर पडले. टोकन भरलेले २९ होते, आता २५. सर्वांत स्वस्त दरासाठी लागणारा आकडा बरोबर २५. काठावरचा हा आकडा पाहून जो आनंद झाला तो दोन आठवडे टिकला.

निर्णय २: पैसे कुणाच्या हाती

टोकनचे ५८,००० रुपये संयोजकाच्या खात्यात यूपीआयने जमा झाले होते. उरलेली रक्कमही तिथेच घ्यावी, म्हणजे विक्रेत्याला एकदाच देता येईल, असं काहींचं म्हणणं. २५ संचांचे जवळपास ७ लाख एका नोकरदार माणसाच्या बचत खात्यात येऊन जाणार. उद्या विचारणा झाली तर हिशेब त्याने द्यायचा, आणि विक्रेता बुडाला तर २५ जण त्याच्याच दारात.

दुसरी सोय निघाली ती चांगली होती. विक्रेत्याने प्रत्येकाच्या नावाने प्रोफॉर्मा, म्हणजे माल देण्याआधीचं, बिल काढलं. ५० टक्के आगाऊ आणि उरलेले माल पुण्यात आल्यावर, प्रत्येकाने थेट विक्रेत्याच्या चालू खात्यात भरले. संयोजकाकडे फक्त यादी राहिली. या प्रकरणात जे थोडं निर्विवादपणे बरोबर झालं त्यातलं हे एक.

चुकलं ते टोकनचं. माघार घेतली तर टोकन परत की जप्त, हे आधी लिहिलेलं नव्हतं. आगाऊ रक्कम भरायच्या आठवड्यात तिघांनी माघार घेतली. २५ चे २२ झाले, दर ६,८०० वरून ७,१०० वर गेला, म्हणजे राहिलेल्या प्रत्येकाला संचामागे १,२०० रुपये जास्त. बावीस जणांवर मिळून २६,४०० चा बोजा आणि हातात जप्त करायला ६,०००, तेही कोणत्या नियमाने जप्त करायचे ते ठाऊक नाही. भांडण नको म्हणून संयोजकाने परत केले. टोकन २,००० ऐवजी ५,००० असतं आणि "ऑर्डर पक्की झाल्यावर परत मिळणार नाही" ही एक ओळ असती, तर तिघांपैकी एखादा तरी थांबला असता. तिघे थांबायला हवे होते म्हणा. काठावरच्या आकड्याची हीच गंमत.

निर्णय ३: ऑफसेट

आता मुख्य भाग. चाकाच्या रुंदीची मधली रेघ आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी पाठ यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट, चाकावर ईटी असं लिहिलेलं. ईटी जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं.

मूळ चाक ६ जे × १५ (६ इंच रुंद, १५ इंच व्यास), ईटी ४०. कारखान्याकडे तयार असलेला साचा ७ जे × १६, ईटी ३८. दोन मिमीचा तर फरक, असं वाटतं. पण रुंदीही एका इंचाने वाढली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. त्यात ऑफसेटचे २ मिमी मिळवा: बाहेरची कड १४.७ मिमी बाहेर, आतली १०.७ मिमी आत.

फेब्रुवारीत नमुन्याची दोन चाकं आली. एक पोलो जॅकवर घेऊन पुढे लावली. ब्रेकच्या कॅलिपरला जागा व्यवस्थित, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं, घासत नाही. सगळे खूश. सुदैवाने गटातल्या एकाने हट्ट धरला की चाकं मागेही लावून, चार माणसं आणि डिकीत सामान घालून गाडी गतिरोधकावरून न्यायची. नेली. मागच्या मडगार्डच्या कडेला टायर लागला. रिकाम्या गाडीवर घेतलेली चाचणी अर्धीच असते.

मग ईटी किती हवा? फोक्सवॅगनने युरोपात याच पिढीच्या पोलोला ७ जे × १६ चाक दिलं ते ईटी ४६ चं, म्हणजे आतल्या बाजूला तितकी जागा आहे हे नक्की. कारखाना म्हणाला, साचा बदलणार नाही, पण चाकाच्या पाठीवर खरवडायला जादा माल सोडलेला असतो, त्यातून ४ मिमी काढता येतील. पाठ ४ मिमी खरवडली की चाक तेवढं आत बसतं: ईटी ४२. बाहेरची कड मूळपेक्षा १०.७ मिमी बाहेर, आतली १४.७ आत. मधलं भोक ५७.१ च ठेवायचं, ७३.१ करून मधली फट भरायला प्लास्टिकची रिंग घालायची नाही, हेही त्याच वेळी ठरलं. रिंग वाईट नसते, पण टायर बदलताना ती हरवते, आणि मग ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं की मालक बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसतो.

निर्णय अचूक होता. सुधारित कागदावर ईटी ३८ खोडून ४२ लिहिलं गेलं. आणि खालच्या रकान्यातला बोल्ट तसाच राहिला.

बोल्टचं प्रकरण

पोलोला नट नसतात. बोल्ट थेट हबमध्ये जातात, एम १४ × १.५. कंपनीच्या बोल्टची टेकण्याची जागा गोल असते, बॉल सीट. बाजारातल्या बहुतेक अलॉयची ६० अंशांच्या शंकूची, कोनिकल सीट. गोल बोल्ट शंकूच्या भोकात टाकला तर तो एका बारीक कडेवर टेकतो. आवळण्याचा जोर मोजणारी टॉर्क रेंच 'कट्' वाजवते, सगळं घट्ट वाटतं, आणि काहीशे किलोमीटरमध्ये बोल्ट सैल. म्हणून नवे कोनिकल बोल्ट अनिवार्य होते. इथवर गटाला सगळं माहीत होतं.

लांबी मोजायची ती सीट संपते तिथून टोकापर्यंत. नमुन्याच्या चाकात सीट आणि पाठ यांच्यामधला माल जाड होता. मूळ बोल्टइतकाच, म्हणजे साधारण २१ मिमी, बोल्ट पाठीमागे निघावा म्हणून ३२ मिमी लांबी काढली गेली. हिशेब बरोबर होता, पण ईटी ३८ च्या चाकासाठी. पाठ ४ मिमी खरवडल्यावर तोच बोल्ट ४ मिमी जास्त बाहेर येणार. आता हवा होता २८ चा.

कमी घुसला तर काय होतं हे सगळ्यांना कळतं: एम १४ × १.५ ला निदान व्यासाइतके, म्हणजे १४ मिमी, ९ तरी आटे धरायला हवेत. जास्त घुसला तर काय, हे कुणी विचारत नाही. भारतातल्या या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक आहेत. लांब बोल्टचं टोक हबच्या पार जाऊन ड्रमच्या पोटात निघतं, जिथे ब्रेकचा शू, त्याची स्प्रिंग आणि हँडब्रेकची लिव्हर असते.

माल पाच आठवड्यांत येणार होता, नवव्या आठवड्यात आला. मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी पिंपरी-चिंचवडमधल्या टायरवाल्याकडे पहिल्या तीन गाड्यांना चाकं लागली आणि त्या गेल्या. रविवारी सकाळी चौथी गाडी वर घेतली. बोल्ट आवळून झाल्यावर कामगाराने सवयीने मागचं चाक हाताने फिरवलं.

"दादा, हे अडकतंय. आत काहीतरी लागतंय."

तीन गाड्यांच्या बाबतीत ही एक सवय राहून गेली होती. आवळलं, जॅक उतरवला, पुढची गाडी.

संयोजकाने तिथल्या तिथे काम थांबवलं आणि तिन्ही मालकांना फोन केले: गाडी आहे तिथेच ठेवा, हलवू नका. एक गाडी तळेगावला पोचली होती. टायरवाल्याने तिघांची जुनी चाकं आणि जुने बोल्ट टेम्पोत टाकून माणूस पाठवला आणि जागेवर चाकं बदलून दिली. ड्रम उघडून पाहिले. दोन गाड्यांत काही नाही, तळेगावच्या गाडीत शूच्या स्प्रिंगवर ओरखडे. ती स्प्रिंग बदलली. शूपासून सुटलेली स्प्रिंग घाटात काय करू शकते, याची कल्पना वाचकाने करावी.

त्या रविवारी काय करता येत होतं

चार उपाय पुढे आले. तीन स्वस्त होते आणि तिन्ही चुकीचे.

जुने मूळ बोल्ट वापरा: नाही, सीट गोल आहे.

बोल्टची टोकं ग्राइंडरने ४ मिमी कापा: ४४० बोल्ट, हाताने. प्रत्येकाची लांबी वेगळी, टोकाचा आटा बोथट, वरचा मुलामा गेलेला. असा एक बोल्ट हबमध्ये तिरका शिरला तर हबचे आटे जातात, आणि हब बोल्टपेक्षा कितीतरी महाग.

मागे हब आणि चाक यांच्यामध्ये ५ मिमीच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, घाला: बोल्ट मागे येतो खरा, पण चाकही ५ मिमी बाहेर येतं, म्हणजे ईटी ३७. ज्यासाठी पाठ खरवडली तेच पाण्यात. वर हबची मधली कड ज्यावर चाक बसतं, ती स्पेसरच्या जाडीने खाल्ली जाते.

चौथा उपाय: सगळे बोल्ट २८ चे नवे. पुढच्या चाकांना, तिथे डिस्क असल्यामुळे, ३२ चे चालतील का, म्हणजे निम्मा खर्च वाचेल, असा प्रस्ताव आला. तो नाकारला हे शहाणपण. एकाच गाडीत दोन लांब्यांचे बोल्ट ठेवले की पहिल्या पंक्चरला ते मिसळणार.

४४० बोल्ट, ८० रुपयांप्रमाणे ३५,२००. विक्रेता म्हणाला, मापात बदल तुम्ही केला. गट म्हणाला, बोल्ट तुम्ही विकले, चाकही तुम्हीच, जोडी जुळते का हे बघायचं काम तुमचं. कागदावर दोघांच्याही बाजूने काही नव्हतं. शेवटी निम्मे-निम्मे: गाडीमागे ८०० रुपये. नवे बोल्ट यायला १२ दिवस लागले.

माल तपासणी

या गडबडीत एक काम मात्र नीट पार पडलं, तेही टायर चढवण्याआधी. टायर चढला की चाक 'वापरलेलं' होतं आणि रंगाची तक्रार कुणी ऐकत नाही. पहिल्या चार गाड्यांची १६ चाकं शनिवारी दुपारीच पाहून झाली होती, बाकीची ७२ बोल्टची वाट बघण्याच्या दिवसांत. प्रत्येक चाक उन्हात पाहिलं, वजन केलं (नमुना ८.४ किलो होता; खरवडलेली ८.३ च्या आसपास भरली), आणि बॅलन्सिंग मशीनवर डगमग मोजणारं डायल गेज लावून टायर जिथे बसतो ती कड फिरवून पाहिली. गटाने ठरवलेली मर्यादा अर्धा मिमी.

११ चाकं बाजूला निघाली. दोन चाकांचा फिरण्यातला फरक १ मिमीच्या वर, एकाची बोल्टची एक सीट खोल कापलेली. ही तीन कारखान्याने बदलून दिली. आठांच्या घासून चमकवलेल्या कडेवर लॅकरच्या पारदर्शक थरात टाचणीएवढी भोकं होती. हा दोष क्षुल्लक वाटतो, पण पहिल्या पावसाळ्यात त्यातून पाणी शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या रेषा पसरतात. पाच पुन्हा रंगवून आली, तीन चाकं मालकांनी चाकामागे ५०० रुपये सूट घेऊन ठेवून घेतली. त्यांना त्याचा पश्चात्ताप होईल असं आमचं मत आहे.

दुसऱ्यांदा बसवताना

या वेळी क्रम कागदावर लिहून भिंतीला लावला होता. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा. हबच्या मधल्या कडेवर ग्रीसचा पातळ हात, आट्यांवर आणि सीटवर अजिबात नाही; आट्यांना ग्रीस लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. पाचही बोल्ट आधी हाताने निदान सहा-सात फेरे फिरवायचे, मग एक सोडून एक असे आवळायचे. इम्पॅक्ट गन नाही. गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. त्याआधी, गाडी वर असताना, हँडब्रेक सोडून चारही चाकं हाताने फिरवायची. आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासायला यायचं. २२ पैकी १७ आले.

प्रत्येकाला जुने पाच बोल्ट पिशवीत घालून डिकीत ठेवायला दिले. स्टेपनी अजून लोखंडी आहे आणि तिची सीट गोल; नवा कोनिकल बोल्ट तिला चालत नाही. हे आधी कुणाच्याच लक्षात नव्हतं. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून लॉक बोल्ट घेतलेल्या चौघांना त्यांचीही लांबी २८ च असल्याची खात्री करायला सांगितलं.

निष्पन्न

कागदावरची बचत संचामागे ३६,००० वजा २८,४००, म्हणजे ७,६००. त्यातून दुसऱ्या बोल्टचे ८०० आणि वाहतुकीचे ४४० गेले. उरले ६,३६०. किरकोळ दुकानदार जुनी चाकं बदल्यात घेतो, ती सोय इथे नव्हती. जुनी अलॉय ज्याची त्याने विकली, काहींची अजून गॅलरीत आहेत. वेळ साडेचार महिने.

विमा नूतनीकरणाच्या वेळी चाकं 'नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी' म्हणून बिलासह नोंदवायची असं ठरलं होतं. बहुतेकांनी केलं. दोन पावसाळ्यांनंतर एका चाकाची कड वाकली. तडा एकालाही नाही, आणि घासल्याची तक्रार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट कारखान्याला विचारायची राहिली: सीट शंकूऐवजी गोल कापून मिळेल का, म्हणजे मूळ बोल्टच चालतील? ८८ चाकांसाठी हत्यार बदलायला तो कदाचित नाही म्हणाला असता. पण हो म्हणाला असता तर नवे बोल्ट, त्यांची लांबी आणि स्टेपनीची पिशवी हे सगळंच वगळलं गेलं असतं. एका फोनचा प्रश्न होता.

दुसरी, नमुना ईटी ३८ चा पाहिला आणि माल ईटी ४२ चा मागवला. खरवडलेलं पहिलं चाक परत मागवून, मागे, भरल्या गाडीवर आणि बोल्टसकट लावून पाहायला हवं होतं. एक आठवडा आणि कुरिअरचा खर्च. माल उशिरा येतोय म्हणून तो आठवडा वाचवला गेला, आणि माल तरीही चार आठवडे उशिराच आला.

तिसरी, दर २० संचांचा धरून लोकांना सांगायचा, २५ झाले तर फरक परत. उलट केल्यामुळे राहणाऱ्यांना दंड झाल्यासारखं वाटलं, आणि त्यातले दोघे संयोजकाशी आजही नीट बोलत नाहीत.

याच गटातल्या काहींनी नंतर स्लाव्हिया आणि व्हर्टसवाल्यांसाठी दुसरी खेप काढली. पीसीडी तोच, ५×१००. त्यांच्या मापाच्या कागदावर बोल्टच्या लांबीचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला आहे. शेजारी लिहिलंय: पहिलं तयार चाक हातात आल्यावर, मोजून भरणे.